तिथीची पाऊणपट

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते
हे पोरांना मी शिकवलेलं नाही.
ते त्यांच्या घरी जाळ्यांसोबत खुंटीला टांगलेलं असतं.
मी शिकवतो कवायत, खो-खो,
आणि वर्षातून एकदा
कालावलच्या खाडीतल्या बेटावर नेऊन
शिट्टी कुणा एकाच्या हातात देतो.

या वर्षी तेजल जुवाटकर.
वर्गात तिसरा बाक, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
शिट्टी तिनं गळ्यात नाही घातली,
मुठीत धरली,
बाजाराला जाताना सुट्टे पैसे धरतात तशी.

सहल शनिवारची होती.
शनिवारी तपासणी निघाली, म्हणून बुधवारवर आणली.
तिनं तिथी धरली शनिवारचीच, षष्ठी.
सहा पाऊण साडेचार.
साडेचारची भरती,
म्हणजे बारापर्यंत वाट पायाखालची.
हिशोब चोख. दिवस तेवढा चुकलेला.

मला दिसलं होतं.
मी वाकून बुटाची नाडी बांधत राहिलो,
बराच वेळ,
एका नाडीला लागतो त्याहून बराच.

नऊ वाजता घोट्याएवढ्या पाण्यातून
अकरा पोरं पलीकडे गेली.
तिसऱ्या वेचल्या, भात शिजवला,
फैजाननं तो खाली लागू दिला.
साडेअकराला मांडवीच्या झाडाशी काढून ठेवलेल्या चपला
एकेक करून तरंगायला लागल्या.

चपला बघत ती उभी राहिली.
ओठ हलत होते. पुन्हा मोजत होती.
मग वळली, आणि शिट्टी न वाजवताच म्हणाली,
"माझा चुकला. आज तृतीया."

एवढंच.
ना माझ्याकडे बघितलं, ना रडली.
फैजान शर्ट काढत होता, पोहून जातो म्हणत होता.
"चपले काढ पाण्यातसून, पोहूचा झाला तर थयसर पोह,"
आणि तो खरोखरच चपला काढायला गेला.
सगळ्यात लहान ओम्याला तिनं काठी रोवायला लावली,
पाणी किती चढलं ते दर थोड्या वेळानं ओरडून सांगायचं.
ओम्याची भीती काठीत गेली.
बाटल्या सात. झाकणानं प्यायचं.
डोकी तिनं तीनदा मोजली,
तिसऱ्यांदा मलाही धरून.

माझ्या पिशवीत लाल टॉवेल होता.
दाजी तांडेल पलीकडे होडी घेऊन बसलेले,
टॉवेल हलला की निघायचं, असं आदल्या रात्री ठरलेलं.
तो टॉवेल मी सबंध दुपार मांडीखाली घेऊन बसलो.
धडा देतोय म्हणून मनाशी म्हणत होतो.
दोन वाजता तो धडा मला बोचायला लागला.

अडीचला तिनं सगळ्यांना विचारलं,
होडी बोलवायची, की काळोख पडेस्तोवर थांबायचं?
हात वर झाले. सात जणांना थांबायचं होतं,
शेकोटीचं आकर्षण, दुसरं काय.
तिनं हात मोजले, मान हलवली,
आणि म्हणाली, "होडी. गार्गीचो पंप संपत इलोहा."
सात जण कुरकुरले. तिनं कुरकुरू दिलं.

होडीत ती माझ्यासमोर बसली.
"सर, तुमका ठाऊक होता?"
"होय."
"मगे बोललात नाय कित्या?"
दाजींचं वल्हं एकदा पाण्यात गेलं, बाहेर आलं.
मी तयार ठेवलेलं उत्तर
शिबिराच्या माहितीपत्रकातलं होतं,
ते तोंडात आलं आणि खारट लागलं.
"पुढच्या खेपेक
गार्गीचो पंप आधी बघा," ती म्हणाली,
"मगे गप ऱ्हवा."

शिट्टी तिनं परत दिली, धुऊन.

अहवालात एक रकाना असतो, नेतृत्वगुण.
तिच्या नावापुढे मी खूण केली नाही,
माझ्याच नावासाठी रकाना शोधत राहिलो.

आता आमच्या फळ्यावर, कोपऱ्यात,
सुविचार लिहायचे तिथे
रोज कुणीतरी तिथी लिहितं आणि भरतीची वेळ.
अक्षर रोज वेगळं.
काल नवमीची पावणेसातऐवजी साडेसात लिहिली होती.
मी खडू उचलला,
तेवढ्यात मागून ओम्या म्हणाला,
"सर, थांबा."