चुन्याची रेघ

चार वाजता सामना. मी दीडलाच बिनाकीच्या मैदानावर,
बादलीत चुना, हातात तळाला भोकं पाडलेला डालड्याचा डबा.
चुना उधार. पाठराबे म्हणाला होता,
‘वर चढले तं पैसे देजा, नाही चढले तरी देजा.’

एप्रिलचं ऊन. रेघ ओढून वळावं
तर मागची वाळलेली.
परवा इथं कुणाचं लग्न झालं,
मांडवाच्या खुंट्यांचे खड्डे पायाने बुजवत गेलो.
पेनल्टीच्या ठिपक्यावर अक्षता होत्या,
त्या तशाच राहू दिल्या.

सोळा वर्षं नवप्रकाश क्लब दुसऱ्या डिव्हिजनात.
आमच्या गल्लीतल्या नळाच्या पाण्यासारखा:
येतो रोज,
पहिल्या माळ्यावर चढत नाही.

यंदा पोरं पेटली.
अश्फाक रात्रभर कळमन्यात संत्र्याच्या पेट्या उतरवून
तसाच सरावाला यायचा, अंगाला साल सोलल्याचा वास.
धकातेच्या नखांत गॅरेजचं ग्रीस.
गोलकीपर जोएल घरोघर विजेचं मीटर वाचतो,
कुत्री चुकवून चुकवून
डावीकडची झेप अशी झाली की बाप्पा!
कामठीत जिंकलो त्या रात्री
दोन ऑटोत सोळा जण परतलो,
माझ्या मांडीवर अडीच माणसं आणि बॉल.

आज नुसती बरोबरी पुरे होती.

समोर खात्याची टीम. त्यांना स्वतःची बस,
बर्फाची पेटी, गुडघ्यावर फवारा मारणारा वेगळा माणूस.
आणि दहा नंबरात
आमचा हेडाऊ.

बारा वर्षांचा होता तेव्हा आला, चपलेने बॉल मारायचा.
पहिले बूट वर्गणीतून घेतले, एक नंबर मोठे,
पुढे कापूस भरून.
मागल्या वर्षी खेळाच्या कोट्यात नोकरी निघाली.
त्याच्या अर्जाला जोडलेल्या कागदावर
मीच लिहिलं, मीच सही केली:
‘खेळाडू गुणी आहे.’
खोटं कसं लिहिणार?

त्याची आई आमच्याच बाजूला बसली,
रोजच्या जागी, रोजची पाण्याची कॅन घेऊन.
तिला कुणी काही विचारलं नाही.

त्र्याऐंशी मिनिटं शून्य-शून्य.
लोक गच्चीवरून शिट्ट्या मारून राहिले होते,
मी घड्याळ उलटं करून मनगटात लपवलं.
मग धकातेचा पाय एका खुंटीच्या खड्ड्यात मुरगळला,
समोरचा पडला, शिट्टी वाजली.
फ्री किक. अठरा यार्डांवर.
हेडाऊने बॉल ठेवला.
जोएल कुठल्या बाजूला उडतो
हे त्या मैदानात दोघांनाच माहीत होतं.

उजवीकडे मारला.

तो नाचला नाही. त्याची माणसं अंगावर पडली
तेव्हा तो खाली वाकून
आधीच घट्ट असलेली नाडी बांधत होता.
त्याच्या आईने कॅनचं झाकण उघडलं,
पुन्हा लावलं.

नंतर काही नाही. सात मिनिटं आणि वर तीन,
अश्फाकचा एक हेडर दांडीच्या वरून
थेट विजेच्या तारांकडे.

पोरं मैदानातच बसून राहिली.
मी जाळी सोडायला गेलो तर
दुसऱ्या खांबाशी तो, खात्याची जर्सी घामाने काळी,
गाठ दातांनी सोडवत.
‘काका, तुम्ही अजून उलटीच गाठ मारता.’
मी म्हटलं, ‘पगार वेळेवर होते ना बे?’
‘होते.’
‘मग ठीक आहे.’
जाळीची घडी आम्ही दोघांनी घातली,
चादरीची घालतात तशी,
टोकाला टोक लावायला जवळ येत, पुन्हा लांब जात.

बसचा हॉर्न वाजला.
तो पळाला, आणि टचलाइनपाशी
पाय उचलून पलीकडे गेला.
ओल्या रेघेवर पाय ठेवायचा नाही,
लहानपणी मीच ओरडायचो.
आता तिथे रेघ कुठली?
नव्वद मिनिटांत सगळी पुसून गेली होती.