भावे प्रयोग

भांडुपला, एलबीएस रोडच्या आत,
जिथे तीन बाजूंना टॉवर आहेत आणि चौथीला धुरांडं,
त्या रेझिनच्या कारखान्यात
मी क्रियापदं लिहायला गेले होते.

भर. तापव. ढवळ. थांब. ओत.

एवढीच. केरावाला साहेबांना डेमोत सांगितलं:
भांडी तीच, पाइप तेच,
वाक्यं हवी तितकी.
सकाळी दारं-खिडक्यांच्या ऑइलपेंटचं रेझिन,
संध्याकाळी बोटीच्या लाल प्रायमरचं.
पूर्वी रेसिपी बदलायची म्हणजे
वायरमन दोन दिवस पॅनलखाली आडवा.
आता हा चौकोन उचला, त्याच्याखाली ठेवा.
साहेब म्हणाले, पोरी, हे तर पत्त्यांसारखं!

घाडीगावकर मागे उभे होते,
तीन नंबरच्या रिअॅक्टरवर एकतीस वर्षं,
कोरडेच हात कापडाला पुसत.

जिन्यात त्यांनी विचारलं,
'पण ह्यात कर्ता कोण?'

मी लॉगिन समजावू लागले, पासवर्ड,
कोणाला कुठलं बटण दिसणार.
'तां नाय,' ते म्हणाले. 'आधी शीटवर माझी सही असायची.
आता तुमचं मशीन लिहितं:
भरलं. तापलं. ढवळलं.
जसं आपण म्हणतो, उजाडलं.
कोणी उजाडलं?'

मला व्याकरण कधीच आवडलं नव्हतं.

चाचणीची चौथी रात्र. दोन वाजून चाळीस.
स्क्रीनवर सगळं हिरवं,
दोनशे तीस अंश, काटा जागचा हलत नाही.
घाडीगावकर चहाचा ग्लास खाली ठेवून उठले
आणि थेट होल्ड दाबला.
मी ओरडलेच. काय केलंत? आकडे बरोबर आहेत!
'आकडे असतील,' ते म्हणाले, 'ह्याचा घसा बसलाय.'

मला नुसतं ढवळणं ऐकू येत होतं.
टॉर्च मारली तर काचेपलीकडे फेस,
दुधासारखा, झाकणाकडे निघालेला.
पाणी निघून जायचं ती वाट तुंबली होती.
अजून चार मिनिटं, आणि
बाराव्या मजल्यावरचे ते तक्रारवाले
वासाबद्दल तरी खरं बोलले असते.

सकाळी त्यांनी वही दाखवली.
पानांना रेझिनचे पिवळे डाग, अक्षर बारीक:
थॅलिक दमट असेल तर सात मिनिटं जादा.
बोटांत तार धरून बघणे, दोनतारीच्या आत उतरवू नये.
(घरी लाडवांचा पाकही हेच बघतात, बायको नाही.)
सात मिनिटं मी घेतली, त्याला खिडकी करून दिली,
आकडा बदलता येतो. तारेसाठी व्हिस्कोमीटर आहे.
राहिला घसा.

म्हणून सहावं क्रियापद घातलं:
ऐक.
प्रोग्राम थांबतो, विचारतो,
आवाज ठीक आहे? हो / नाही.
हेड ऑफिसचा तपासनीस म्हणाला,
ऐकण्याचं युनिट काय? मर्यादा किती ते किती?
मी रकान्यात एक रेघ मारली.
रेघ कशी पास झाली, मला अजून माहीत नाही.

घाडीगावकर मार्चमध्ये निवृत्त झाले. निरोपाला
घड्याळ मिळालं, शिवाय रेझिनचा एक घट्ट खडा,
मधासारखा, त्यांनी स्वतःच डब्यातून उचललेला.

परवा पहाटे मुलुंडला फोन वाजला.
नवा मुलगा, मुजावर. आवाजात झोप आणि भीती.
'मॅडम, अकराव्या स्टेपला अडकलंय.
ऐक म्हणतंय. काय ऐकू?'

मी उठून बसले. काय सांगणार,
मला स्वतःला कधी ऐकू आलं नव्हतं.
म्हटलं, फोन जवळ धर. अजून जवळ.

घर्र, घर्र, मध्येच एक जड वळण,
पुन्हा घर्र.
घसा? की हा असाच बोलतो?
खिडकीत उजाडत होतं.

'मॅडम,' मुजावर म्हणाला, 'हो दाबू?'