मुडप

माणशी अडतीस डॉलर. दोघांचे शहात्तर.
नोकर राबायचे ते तळघर बघायचं तर
आणखी बारा.
देओलिंदा फाटकावरची पाटी दोनदा वाचते,
एकदा चष्म्यातून, एकदा चष्म्यावरून.
आकडा हलत नाही.

आम्ही परत गाडीत येऊन बसतो.
मांडीवर डबा, पावात लिंग्विसा आणि मिरची,
काचांवर आमचीच वाफ.
बाहेर र्‍होड आयलंडचा नोव्हेंबर, समुद्र शिशासारखा,
आणि हिरवळीच्या त्या टोकाला
सत्तर खोल्या, ज्यांत कोणी झोपत नाही.

मी म्हणतो, शहात्तरात वीस गॅलन तेल येतं भट्टीला,
म्हणजे नऊ दिवसांची ऊब.
ती म्हणते, एकतीस वर्षं कारखान्याच्या बसमधून
मी या घराचं नुसतं कुंपण बघितलं.
मी म्हणतो, कुंपण फुकट होतं.
यावर ती पाव चावत राहते,
आणि मला कळतं, मी हरत आलोय.

आतून येणाऱ्यांना विचारून बघितलं.
ओहायोचा एकजण मान चोळत म्हणाला, छत बघा, छत!
त्याची बायको म्हणाली, जिने फार आहेत.
त्यांचा मुलगा म्हणाला, टबाला चार नळ आहेत,
त्यातले दोन समुद्राच्या पाण्याचे,
पण सोडू देत नाहीत.
दारात अख्खा समुद्र पडलेला असताना नळ!
मी चाळीस वर्षं मासेमारी बोटींचे बर्फखण दुरुस्त केले,
खारं पाणी पायपाचं काय करतं ते मला विचारा.

शेवटी तिनं पर्समधून एकटीचेच मोजले.
दोघांचं मी बघून येते, म्हणाली.

मग मी, आणि वाचलेले अडतीस डॉलर.
त्यांचं ओझं होईल असं वाटलं नव्हतं.
मी धुराडी मोजली, एकोणीस.
धूर एकातूनच, तोही तिकीटघराच्या बाजूचा.
मोठं घर, पोकळ वासा, असं म्हणणार होतो,
पण वासा वाजवून बघायला
आत तर जायला हवं.

सव्वा तासानं आली. पट्टा लावला. पुन्हा काढला.
कसं होतं?
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाली, नाचघरात पडदे आहेत,
लाल मखमल, सोळा फूट.
गाईड मुलगी सांगत होती, तेव्हा होते तसेच्या तसे.
सगळे झुंबराकडे वळले,
मी दोरीवरून वाकून मुडप उलटली.

अठ्ठ्याऐंशी साल, अमान्सियो. ती मोठी ऑर्डर आठवते?
मुकादम झेफेरिनो म्हणाला होता, कुठल्याशा हॉटेलची आहे.
तीन नंबरचं मशीन, हातभर शिवलं की एक टाका गाळायचं.
गाळलेले मी हातानं घालत होते.
शेवटच्या पडद्याला लाल दोरा संपला,
म्हणून वीतभर तपकिरी घातला.
म्हटलं, सोळा फुटांच्या पायथ्याशी
कोण बघायला जातंय?

तू सांगितलंस त्यांना?
नाही. त्या मुलीनं हात लावू नका म्हटलं,
फार गोड आवाजात.
मी हात काढून घेतला.

मग, वसूल झाले का पैसे?
ती स्वतःच्या अंगठ्याकडे बघते,
सुईनं कधीकाळी टणक केलेल्या जागेकडे.
अजून तासभर उघडं आहे, म्हणते,
डावीकडून तिसरा.

मी खिडकीवर उभा, हातात ते अडतीस.
तळघरासकट? आतली पोरगी विचारते.
नको. फक्त एक पडदा बघायचाय.
ती यंत्रातून कागद फाडत म्हणते,
तसं वेगळं तिकीट नसतं, सर.