जिन्याखाली

गेंटच्या नाट्यगृहात माझी जागा जिन्याखाली.
तीनशे चाळीस खुंट्या, पितळी बिल्ले,
ओल्या लोकरीचा वास.
नाच मी कधी पाहिला नाही, डोक्यावरून जाताना ऐकलाय,
मऊ बुटांतला,
उंदरांनी कणीक तुडवावी तसा.

त्या रात्री छतच धडधडलं.
धप्, धप्, आणि मागून एक लंगडी धप्.
अख्खी टाच. अनवाणी.
माझ्या हातातली टोपी हातातच राहिली.
हे तर आमच्या सूतगिरणीचं तिसरं दालन,
जिथे बाराव्या वर्षापासून कढत पाण्यात
घोटाभर उभ्या असायचो आम्ही,
आणि चौथी ओळ अर्धा ठोका उशिरा यायची.
कायम. कुणी दुरुस्त केली नाही.

वर शिट्ट्या. कुणीतरी भुंकलं.
मग सगळंच थांबलं.
लोक हसले. वाटलं असेल, पोरी विसरल्या.
मी मोजत होते.
भर दुपारी यंत्र थांबतं ते एवढ्यासाठीच:
कुणाची वेणी, कुणाचं बोट.
सहा. सात.
एल्व्हीरच्या वेळी एकोणीसपर्यंत गेलं होतं.
अकराला टाच पुन्हा पडली.
होतंच ते सुरू.

पहिला उतरला तो गिरणीमालकाचा थोरला,
मानेपर्यंत लाल. बिल्ला दोनशे बारा, केसाळ कॉलरचा कोट.
"याला नाच म्हणायचं? कुठून शिकून येतात हे असलं?"
मला सांगता आलं असतं.
"जरा थांबा, साहेब," म्हटलं,
आणि नाकासमोरचा कोट शोधत राहिले
वरची ओळ पुरी होईस्तोवर.
मागे रांग लागली, काठ्या आपटू लागल्या,
त्याही, बेट्या, ठोक्यावर.

मध्यरात्री एक पोरगी खाली आली,
पाय धुवायला पाणी मागत. टाचा सोललेल्या.
रिगाची. गिरणी तिनं बाहेरूनसुद्धा पाहिलेली नाही.
"तुम्ही पाहिलंत?"
"नाही. पण ती लंगडी टाच,
अजून जरा उशिरा."
ती बघत राहिली.
मग बादलीतला पाय तिनं उचलला,
पाणी निथळत होतं,
आणि तसाच हवेत धरला.

मी बोट वर केलं होतं.
अजून खाली आणलं नव्हतं.