निधान

चोर्ल्याच्या चढाला काटा हलला.
आधी वाटलं, माझ्याच चष्म्याचा खेळ.
मग डॅशबोर्डवरच्या डबीनं आकडा दिला: अठ्ठ्याण्णव.
एरवी नव्वदीवर बसून असतो,
कट्ट्यावरच्या पेन्शनरासारखा.

गार्गीला पणजीच्या होस्टेलवर सोडून परतत होतो.
केरीपासून शालन बोलली नव्हती.
मागच्या सीटवर एक उशी,
गार्गी विसरली, की मुद्दाम ठेवून गेली,
त्यावरही आम्ही वाद घातला नव्हता.

पुढं चिऱ्यांचा टेंपो, वळणावर वळण.
शंभर.
एकशे दोन.

फकिराप्पा मिस्त्री आठवला, उद्यमबागेतला,
बोनेटमध्ये कमरेपर्यंत उतरून
आतल्याच कुणाशी बोलावं तसा बोलणारा:
"टर्बो म्हणजे काय हो, धुराच्या जोरावर फिरणारी भिंगरी.
भोवतीनं पाणी खेळतंय तवर तिचं खरं.
आकडा चढाय लागला की एसी बंद.
खालचा गिअर, पाय हलका,
आणि हीटर पूर्ण सोडा."
हीटर? ऑक्टोबरात?
"तिचा ताप तुम्हीच घ्यायचा की.
दुसरं कोण हाय तिथं?"

सोडला हीटर. काचा खाली.
तोंडावर भट्टीचा वारा,
ओतकामाच्या दिवशी फौंड्रीत सुटतो तसला.
शालननं विचारलं नाही, हे काय चाललंय.
ओढणीनं कपाळ पुसलं, मग गळा,
मग डोळे,
आणि घामाच्या नावावर बरंच काही पुसून घेतलं.

एकशे दोन.
एकशे दोन.
एकशे एक.

बावीस वर्षं मी असलीच कवचं लेथवर तासली.
बाहेरून गोगलगाय, आत पाण्याची पोकळ वाट,
बोट घालावं तर पहिल्याच वळणाला अडतं.
ओतताना तिथं वाळू असते.
लोखंड थिजलं की वाळू झाडून टाकायची.
उरते ती रिकामी जागा,
आणि पुढं सगळं त्या जागेवरच चालतं.

कणकुंबीला टपरीपुढं थांबलो, इंजिन चालूच ठेवून.
टपरीवाली कळशी घेऊन आलीच:
"वता की. मलप्रभेचं हाय, हितंच उगवतीया."
नको मावशी. आत्ता झाकण उघडलं तर तोंड भाजेल,
आणि तापल्या लोखंडाला गार पाणी दाखवू नये,
तडा जातो, नदीचं असलं तरी.
डिकीत कूलंट आहे हिरवं,
तेही गाडी निवल्यावर.
"मग आता काय करायचं?"
काही नाही. बसायचं.
तिला ते पटलं नसावं.
कळशी तिनं शालनपुढं धरली,
शालननं ओंजळ भरून तोंडावर मारली, तीनदा.

जांबोटीला आकडा त्र्याण्णव.
पाट्यांवरची अक्षरं बदलली होती,
गावं तीच.

"निधान री, निधान," फकिराप्पा म्हणतो,
मी घाईनं किल्ली फिरवली की.
त्याच्या कन्नडात निधान म्हणजे सावकाश.
माझ्या मराठीत निधान म्हणजे ठेवा, पुरलेलं धन.
त्याच्या गॅरेजात मला दोन्ही ऐकू येतं,
आणि बिल देताना
कुठल्या अर्थाचे पैसे देतोय ते कळत नाही.

अनगोळला, घरापुढं, हात किल्लीकडं गेला
आणि परत आला.
दोन मिनिटं नुसतं चालू ठेवायचं.
तेल फिरतं, पाणी फिरतं, भिंगरी निवते.
शालनलाही हे ठाऊक झालंय.
तिनं दार उघडलं नाही.
घरात दिवा नव्हता.
दोनाची चार मिनिटं झाली असतील, सहाही.

"उशी कुरिअरनं जाईल का हो?"
"जाईल."
"नको. असू दे."

किल्ली काढली.
बोनेटखालचा पंखा
तरीही बराच वेळ फिरत होता.