दोघींची मिळून एक

रसेल हौटालानं आमच्यावर सिनेमा काढलाय.
त्र्याहत्तरचा उन्हाळा, शाळा संपली तेव्हाचा.
सुपीरियर सरोवर, लोहखनिजाचा लाल धुरळा,
गॉर्डीच्या बापाची हिरवी गाडी.
(गाडी हिरवी नव्हती. मातकट होती.)

गावात थिएटर एकच, त्यात आम्ही सगळे,
म्हणजे जे उरलो ते,
गोळ्यांच्या वेळा सांभाळून आलेले.
पडद्यावर कुणी ओळखीचं दिसलं की कोपरानं ढोसतो एकमेकांना:
हा तू, अरे हा बघ तू, केवढे केस!

मी माझी वाट बघत बसले.

आणि ती आली. नाव सूझन.
केस लेम्पीचे, तांबूस, कमरेपर्यंत.
हसणं मात्र माझं, नाकातून सुटणारं, घोड्यासारखं,
ज्याला मी जन्मभर रुमाल लावला.
सायकल लेम्पीची. बेकरीतली नोकरी माझी.
दारुडा बाप तिचा,
आणि आई माझी, तिच्या उकडलेल्या बटाट्यांसकट.

सिनेमात गर्दी परवडत नाही, व्हर्ना,
असं तो फोनवर म्हणाला होता.
मला वाटलं पैशांबद्दल बोलतोय.

सूझन धक्क्यावर बसून गॉर्डीचं चुंबन घेते.
आम्ही कुणीच घेतलं नव्हतं.
आम्ही तिथं बसून गॉर्डीला नावं ठेवायचो,
एका सिगारेटवर दोघी,
आणि लेम्पी म्हणायची,
इथून जायचं तर बरोबर जायचं,
एकटी जाईल तिच्या नावानं आंघोळ.

शेवटी सूझन बसनं निघून जाते.
काचेला टेकलेला तळहात. व्हायोलिन.
काळोखात नाकं ओढल्याचे आवाज.

बसमध्ये लेम्पी होती.
खाली, बाकाशी, मी.
डेट्रॉइटहून तीन वर्षं तिची पत्रं आली,
मग एक तिच्या बहिणीचं.

मग पडद्यावर अक्षरं, कुणाचं पुढं काय झालं:
गॉर्डी विमा विकतो.
टोइव्हो नोव्हेंबरच्या वादळात बोटीवर होता.
सूझनचा पुढे पत्ता लागला नाही.

मी तिसऱ्या रांगेत बसलेय, रसेल.
माझा पत्ता तोच आहे.

बाहेर पॉपकॉर्नच्या काउंटरवर एक पोरगी,
सतराची असेल, ओठात कडी.
खरंच असं होतं का हो तेव्हा? असं सोनेरी?

मला हसू फुटलं, तेच, घोड्याचं.
रुमाल शोधला. सापडला नाही.

नाही गं, म्हटलं, थंडी होती.
जुलैतसुद्धा. सरोवरावरून वारा यायचा
आणि दोघींत मिळून
कोट एकच होता.