शेवटची सोळा पानं

तारामुंबरीचं वाचनालय म्हणजे
सोसायटीच्या गोदामातलं एक कपाट.
खताच्या पोत्यांना पाठ लावून बसलेली
दोनशे अकरा पुस्तकं.
आत्माराम तिर्लोटकरांनी त्यातलं एक काढलं, फुंकलं,
कसर उडाली, ते शिंकले, म्हणाले,
"बाय, ह्येका शेपूट नाय. चालात?"
आत लाल शाईत, त्यांच्याच अक्षरात:
शेवटची सोळा पाने नाहीत. तक्रार चालणार नाही.

गोष्ट एका पोराची.
दीपगृहाचा उजेड समुद्रात कुठवर जातो,
नेमका कुठे संपतो,
ते बघायला तो होडी घेऊन निघतो.
पान एकशे अठ्ठावीस:
वारा पडतो, शीड लोंबतं,
तो मागे वळून बघतो, आणि

आणि पुठ्ठा.

त्या 'आणि'वर मी बरीच वर्षं राहिले.
कोलंबी सोलता सोलता शेवट करायचे.
कधी उजेडाच्या टोकाशी एक म्हातारा बसलेला,
उजेड ओढून घेतोय, जाळ्यासारखा.
कधी पोराचाच मासा व्हायचा.
गणितात नापास झाले त्या महिन्यात
मी त्याला बुडवलं.
दुसऱ्या दिवशी परत वर काढलं.

बाबांना म्हटलं, मला न्या, उजेड संपतो तिथवर.
ते जाळ्याचा फाटका डोळा भरत होते.
सुई दातांत धरून म्हणाले,
"होडयेर बायलमाणूस? दर्यो काय तुझो मामा?"

पुढचं कुणालाही सांगता येईल.
जेटीवर लिलावाचा हिशोब, तेहतीस वर्षं.
बांगडा इतका, सुरमई इतकी, बर्फाचे वेगळे.
वहीच्या मागच्या पानांवर मात्र
तो पोरगा अजून मान वळवून उभा होता.

गेल्या मे महिन्यात भाचीनं रत्नागिरीहून आणलं,
रद्दीच्या दुकानातून, वीस रुपयांना,
तेच पुस्तक. शेपटासकट.
चष्मा दोनदा पुसून मी एकशे एकोणतिसावं पान उघडलं.

आई हाक मारते. पोरगा जागा होतो.
सगळं स्वप्न होतं म्हणे.
तो दूध पितो, पाटी घेतो, शहाण्यासारखा शाळेत जातो.
खाली जाड ठशात तात्पर्य:
अंथरूण पाहून पाय पसरावेत.

आधी हसले. मग असा राग आला
की चुलीवरचं पेजेचं पातेलं करपलं.
चाळीस वर्षं मी कुणाची वाट बघत होते?
आणि ती कसर, एवढीशी,
तिला बरोबर कळलं होतं काय खावं!

नारळ सोडल्यावर चौथ्या दिवशी
पुतण्याला म्हटलं, तन्मय, आज मी येते.
तो बघतच राहिला. "काकी, ओकशात."

ओकले. तीनदा.
डिझेलचा वास, कालच्या माकलाचा वास,
हे एकशे अठ्ठावीस पानांत कुठेच नव्हतं.
पोराला होडीत लघवीला कुठे जायचं
हा प्रश्नही पडला नव्हता.
पदर कमरेला खोचून मी नाळेशी बसले
आणि मागे वळून बघितलं.

उजेड संपत नाही.
बुडतो.
आधी दिवा जातो पाण्याच्या कडेखाली,
मग कितीतरी वेळ नुसती झाक
आभाळात फिरत राहते, येते, जाते,
आणि तीही कधी गेली
ते मला नक्की सांगता येणार नाही,
कारण तेवढ्यात जाळं जड लागलं
आणि तन्मय ओरडला, "काकी, दोरी धरा!"
मी धरली. तळहात सोलला.

तिर्लोटकर आता नाहीत. कपाट शाळेत हलवलंय.
बिनशेपटाचं पुस्तक मी तिथे परत केलं,
एक्केचाळीस वर्षांच्या उशिरानं.
दंड कुणी मागितला नाही.
लाल शाईच्या खाली
माझ्या हिशोबाच्या अक्षरात दोन ओळी घातल्यात:
भरती बघून निघावे.
ओकारीची गोळी आधी घ्यावी, नंतर उपयोग नाही.

आणि ती दुसरी सोळा पानं
सुकटाच्या पुड्या बांधायला बरी पडली.
कागद चांगला होता.